गावंडेकाकूंचा पाहण्याचा कार्यक्रम

गावंडेकाकू बास्केटबॉल उलथन्याआडून पाहत. हे मी अलंकारिक वगैरे बोलत नाही. टीव्हीवर खेळ सुरू झाला की त्या आमच्या सोफ्याच्या टोकाला येऊन बसत, डावा डोळा मिटत आणि हातातलं पोह्यांचं उलथनं पुढे धरून त्याच्या पात्याआड बॉल झाकून टाकत. बॉल इकडून तिकडे गेला की उलथनंही इकडून तिकडे जाई आणि त्याला चिकटलेली एखादी मोहरी आमच्या गालिच्यावर पडे. "बॉल काय पाहून राहिले तुम्ही?" त्या आम्हाला म्हणत. "बॉल तं कोणीही पाहते. ज्याच्याजवळ बॉल नाही, तो काय करून राहिला ते पाहा."

काकू नागपूरच्या. बहरीनच्या जुफैरमधल्या एका उंच इमारतीत, एकाच मजल्यावर, आमचं दार त्यांच्या दारासमोर. गावंडेकाका सित्र्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते आणि काकू इथल्या एका भारतीय शाळेत वर्षानुवर्षं पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या. उंची पाच फूट दहा इंच, आवाज मैदानावर कमावलेला. तरुणपणी त्या नागपूरकडून बास्केटबॉल खेळल्या होत्या. काका त्यांच्या खांद्याला लागत आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नसे. मी पुण्याचा, बँकेत काम करतो, असं पहिल्या भेटीत सांगितलं तेव्हा "असू द्या, चालते" म्हणून त्यांनी माझी समजूत घातली आणि माझ्या चहात साखर जरा जास्त टाकली.

निवृत्तीनंतर काकूंनी लग्नं जमवायला घेतली. हिद्दच्या बंदरावरचा अकाउंटंट असो की मआमीरच्या वर्कशॉपमधला इंजिनिअर, बहरीनमधल्या प्रत्येक उपवर मराठी माणसाचा बायोडेटा कधी ना कधी काकूंच्या फोनवर येऊन पडे. तो वाचायची त्यांची रीत मला फार आवडायची. "पाच-आठ लिहिलं आहे ना, ते चपलेसकट असते." "गॉगलवाला फोटो आहे, डोळ्याचा मागवा." "छंद वाचन आणि प्रवास म्हणजे याले छंद नाही." मग चष्मा कपाळावर चढवून त्या निकाल देत. त्यांनी जमवलेली लग्नं टिकली, आणि त्यांनी न जमवलेल्यांपैकी काही जण तर आजही दिवाळीला त्यांना आठवणीनं फोन करतात.

या व्यवहारात एका शब्दाला फार वजन होतं. तो शब्द म्हणजे 'कळवतो'. ज्यांच्या घरात कधी मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम झाला आहे त्यांना हे फोडून सांगायला नको. पाहुणे पोहे खातात, चहा पितात, भिंतीवरच्या फोटोंची चौकशी करतात, आणि चपला घालता घालता म्हणतात, "बरं, कळवतो." म्हणजे नाही. पसंत असेल तर माणसं दारातच रेंगाळतात, पत्रिकेचं विचारतात, दुसऱ्यांदा चहा घेतात. "मी एकदा कळवते म्हटलं की लोकं समजून जातात," काकू म्हणत. "मागून फोन नाही करत. इज्जत असते ना आपली."

आता या सगळ्यात अमेरिकेतली पोरं कुठून आली, तर ती आली डगमुळे. डग आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचा. जवळच्या नेव्हीच्या तळावर कसल्यातरी यंत्रांची देखभाल करायचा. दाराची चौकट भरून टाकणारा, पन्नाशीचा, एकटा माणूस. त्याचा जीव होता त्याच्या गावच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघात. दर वर्षी त्या संघात शाळा संपवून नवी पोरं येतात, आणि ती येण्याआधी त्यांच्या शाळेतल्या खेळाचे तुकडे जोडून केलेले व्हिडिओ येतात. त्यांना हायलाइट म्हणतात. ते बघून कुठलं पोरगं पुढे काय करणार याचे आडाखे बांधत बसणं हा डगचा अख्ख्या उन्हाळ्याचा उद्योग.

एकदा लिफ्ट बंद पडली होती आणि डग खाली लॉबीत टॅब्लेटवर असाच एक व्हिडिओ बघत बसला होता. मागे भाजीच्या पिशव्या घेऊन काकू उभ्या. पडद्यावर एक उंच पोरगा उड्या मारत होता, धूर निघत होता, ढोल वाजत होते. डगच्या संघानं त्या वर्षी पटकावलेलं ते सगळ्यात गाजलेलं पोरगं होतं. काकूंनी डगच्या खांद्यावरून दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "लेफ्ट हँड मफी."

मफी म्हणजे नाही. भाजीवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत बहरीनमध्ये हा शब्द कळत नाही असा माणूस सापडायचा नाही, त्यामुळे डगलाही कळला. तो हसला. काकू जिन्यानं वर आल्या. मग हिवाळ्यात सामने सुरू झाले आणि समोरच्या संघांनी त्या पोराला सारखं डावीकडे ढकलायला सुरुवात केली. पोरगं गडबडलं आणि जानेवारीत बाकावर जाऊन बसलं. पुढच्या शुक्रवारी सकाळी आमची बेल वाजली. दारात डग, हातात खजुराचा डबा. दार चुकला होता. इंग्रजीत त्यानं मला विचारलं, "ती मफी म्हणणारी बाई कुठं राहते?"

तिथून आमच्या शुक्रवारांची तऱ्हाच बदलली. टीव्ही आमचा मोठा म्हणून बैठक आमच्याकडे, आणि पोहे काकूंच्या स्वयंपाकघरातून. पोहे म्हणजे नागपूरचे, वर लाल तर्री ओतलेले. "पोह्याबिगर पाहणं होत नाही," हा काकूंचा नियम. पहिल्या शुक्रवारी तर्रीनं डगचा चेहरा असा काही लाल झाला की त्यानं आमच्याकडचं ताकासारखं लबान अख्खं संपवलं, आणि डोळे पुसून पुन्हा बशी पुढे केली. काकूंनी त्याला तिथल्या तिथे पास केलं.

मग एकेक पोरगं पडद्यावर यायचं आणि काकू त्याला स्थळासारखं पाहायच्या. पहिली आज्ञा, आवाज बंद. "म्युझिक मोठं म्हणजे गेम छोटा." दुसरी गोष्ट, उंची. डग वाचून दाखवायचा, सहा फूट आठ. काकू उठून टीव्हीजवळ जायच्या आणि उलथनं जमिनीपासून रिंगपर्यंत लावून मापायच्या. "रिंग सगळ्या दुनियेत दहा फुटावर असते. तिले चपला नसतात." आणि खरंच, पोरगं सहा-सहा निघायचं. अमेरिकेतही चपलेसकट मोजतात हे कळल्यावर काकूंना त्या देशाबद्दल पहिल्यांदा आपलेपणा वाटला.

पण त्यांचा खरा डोळा कात्रीवर असायचा. "कापलं कुठं ते पाहा," त्या म्हणत. "बॉल गेला जाळीत, लगेच कापलं. म्हणजे परत धावत नसंल." एका पोराच्या सगळ्या व्हिडिओत त्याच्या संघातला एकही गडी त्याला टाळी द्यायला येत नव्हता. काकूंनी उलथनं खाली ठेवलं. "याचं घरात पटत नाही." डगला हे भाषांतर करून सांगायचं काम माझ्याकडे होतं. बँकेत मी मोठमोठ्या कंपन्यांचे करार समजावून सांगतो, पण 'याचं घरात पटत नाही' याला इंग्रजीत काय म्हणायचं यावर माझा एक शुक्रवार गेला.

काकू कधी चुकत नसत असं नाही. एका पोरानं पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला हात देऊन उठवलं, एवढ्यावर त्यांनी त्याला पसंत करून टाकलं. तो वर्षभर एकदाही मैदानात उतरला नाही. डगनं हे चिडवून सांगितलं तर काकू शांतपणे म्हणाल्या, "नवरा म्हणून चांगला आहे तो. खेळाचं मी बोललेच नव्हते." डगनं आमच्याकडून 'पसंत' आणि 'नापसंत' हे दोन शब्द उचलले होते आणि तळावरच्या कॅन्टीनमध्ये तो जेवणाला नापसंत म्हणतो अशी बातमी होती.

या बैठकीत खाली जमिनीवर मांडी घालून बसलेली असायची आमची मुलगी रेवा. शाळेच्या शेवटच्या वर्षाला, पाच फूट अकरा इंच उंच, आणि काकूंनी अगदी लहानपणापासून शिकवलेली. तिच्या हातात पहिला बॉल काकूंनीच दिला. सगळ्या इथल्या मुलांसारखं तिला मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत येतं. जे थोडं मराठी बोलते त्यात ती देवापासून गावंडेकाकांपर्यंत सगळ्यांना 'तू' म्हणते. पुण्याला गेलो की नातेवाईक तिच्याकडे मान वर करून बघत आणि हळूच विचारत, "अजून वाढतेय का?" रेवा हसून सोडून द्यायची. पण घरी आल्यावर बराच वेळ वाकून चालायची. काकूंना ते दिसलं की त्या मागून पाठीत बुक्की घालत. "सरळ. सरळ चाल. उंची काय लपवायची गोष्ट आहे?"

रेवाला अमेरिकेतल्या कॉलेजात खेळायचं होतं. हे तिनं एका शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगितलं, आणि असं सांगितलं की त्यानंतर मी पुण्यातल्या इंजिनिअरिंगचा विषय काढला नाही. डगच्या ओळखीची एक लिंडा नावाची बाई एका लहानशा कॉलेजात मुलींच्या संघाची कोच होती. तिला नव्या मुली हव्या होत्या. डग म्हणाला, हायलाइट पाठवा. आणि इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांचे बायोडेटा फाडून खाणाऱ्या आमच्या मंडळावर आपल्याच पोरीचा बायोडेटा करायची वेळ आली.

रेवानं केलेल्या पहिल्या व्हिडिओत प्रत्येक बास्केटला बॉलमधून ज्वाळा निघत होत्या. काकूंनी तो शेवटपर्यंत पाहिला. "पोट्टीले आग लागली का, बाप्पा?" ज्वाळा गेल्या. म्युझिक गेलं. मग काकूंनी सांगितलं की हिद्दच्या सामन्यातला तो चुकलेला शॉट सुरुवातीलाच घाला. मी हादरलो. त्या सामन्यात रेवा रिंगखाली एकटी होती, समोर कोणी नाही, आणि तरी तिनं बॉल बाहेर मारला होता. माझी बायको अनघा तर रडवेली झाली. "काकू, मुलगी दाखवायची आणि आधी तिचा पाय घसरलेला दाखवायचा?"

"पुढचं पण दाखवा ना," काकू म्हणाल्या. पुढे काय होतं ते मी खरं तर विसरलो होतो. शॉट चुकल्यावर रेवा डोकं धरून उभी राहिली नव्हती. ती वळून, अख्खं मैदान ओलांडून, समोरच्या मुलीच्या आधी आपल्या रिंगखाली पोचली होती आणि तिचा बॉल हवेतच अडवला होता. "एक खोट आपणच सांगावी," काकू म्हणाल्या. "मग बाकीचं खरं वाटते."

व्हिडिओ गेला. डग तेव्हाच सुट्टीवर अमेरिकेला गेला. आणि एका शुक्रवारी संध्याकाळी लिंडाचा व्हिडिओ कॉल आला. रेवा टेबलाशी, मी आणि अनघा तिच्या मागे इस्त्रीचे कपडे घालून, आणि काकू कॅमेऱ्यात येऊ नयेत म्हणून टेबलाखाली, उलथन्यासकट. रेवा छान बोलली. लिंडा हसली, अभ्यासाचं विचारलं, बहरीनच्या उन्हाचं विचारलं. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की टेबलाखालून काकू माझ्या पायाला आनंदानं चिमटे काढत होत्या. मग शेवटी लिंडा म्हणाली, एखादा पूर्ण सामना, न कापलेला, सवडीनं पाठवा. "अँड वुई विल लेट यू नो."

चिमटे थांबले. कॉल संपला. काकू टेबलाखालून बाहेर आल्या, गुडघे झटकले आणि म्हणाल्या, "खलास."

मी म्हटलं, काकू, बाई अमेरिकन आहे. पण माझा आवाज मलाच पोकळ वाटला. 'सवडीनं पाठवा, कळवतो.' हे वाक्य माझ्या आत्याच्या वेळी मी स्वतः ऐकलं होतं, फक्त तेव्हा पत्रिकेबद्दल होतं. अनघानं तिच्या बहिणीच्या वेळी ऐकलं होतं. आणि रेवा तर काकूंचे पोहे खातच मोठी झाली होती. तिला कुणी काही समजावायची गरज पडली नाही. ती उठली, बॉल कपाटावर ठेवला, तिच्या उंचीला स्टूल लागत नाही, आणि आपल्या खोलीत गेली.

सामना पाठवायचा का, असं मी दुसऱ्या दिवशी काकूंच्या घरी जाऊन विचारलं. काकू नाही म्हणाल्या. मागून गेलं की किंमत जाते. मी जरा वाद घातला तेव्हा त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या आणि कधी नव्हे ते हळू आवाजात बोलल्या.

"मले तीनदा म्हटलं होतं कळवतो. उंच पोट्टी, कोण करते? पहिल्या वेळी मी फोनजवळ बसून राहिले. कॉलेजात नाही गेले, ग्राउंडवर नाही गेले, म्हटलं फोन आला तं कोण उचलंल? बाबा रोज ऑफिसातून आले की माझ्याकडं पाहत, विचारत नसत. ते पाहणं लय वाईट असते. आपल्या पोट्टीले तसं नाही बसू देणार मी."

मग काका आत पेपर वाचत होते तिकडे मानेनं खूण करून काकू एकदम हसल्या. "हा एकच माणूस. पोहे अजून आतच होते. मी दारातून आले, यानं मान वर केली, चांगली वर करा लागली त्याले, आणि आईबापाले न विचारता म्हणाला, मला पसंत आहे. त्याच्या बापाच्या हातातला पाण्याचा ग्लास सांडला." आतून काकांनी पेपर न हलवता सांगितलं, "तुझ्याच साडीवर सांडला."

तीन आठवडे गेले. आमचे शुक्रवार ओस पडले. काकू पोहे करत, पण समोरच्या दारातून डबा देऊन परत जात. रेवा नीट बोलायची, नीट जेवायची, आणि वाकून चालायची. त्या वाकून चालण्यानं माझा जीव तुटायचा, आणि मी तो माणूस झालो होतो जो ऑफिसातून येऊन मुलीकडे बघतो आणि विचारत नाही.

मग डग परत आला. सामान वर न नेता तो थेट आमच्या दारात उभा राहिला आणि चक्क रागावलेला होता. सामना का पाठवला नाही? लिंडा वाट बघते आहे. ती समजते आहे की मुलीला रस नाही. सोमवारी ती दुसऱ्या कुणाला जागा देऊन टाकणार. मी त्याला म्हटलं, अरे, पण ती लेट यू नो म्हणाली. डग म्हणाला, हो, म्हणजे ती कळवणार होती. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. दोघांनाही समोरचा माणूस जरा कमी डोक्याचा वाटत होता.

आवाज ऐकून काकू बाहेर आल्या. मी डगला सगळं उलगडून सांगितलं, पोह्यांपासून चपलांपर्यंत. शेवटाला येईस्तोवर डग भिंतीला टेकून खाली बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तो हसत होता. इतका मोठा माणूस हसतो तेव्हा पूर्ण मजल्यावर ऐकू येतं. रेवा खोलीतून बाहेर आली. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "म्हणजे तिथं कळवतो म्हणजे कळवतो?" त्यांनी मला तीन-तीनदा विचारलं. मग पदर खोचला. "फोन लावा त्या बाईले."

मुलीकडून फोन करायचा नाही, हा नियम ज्या बाईनं अख्ख्या बहरीनला शिकवला, ती आमच्या दिवाणखान्यात डगचा फोन दोन्ही हातांत धरून उभी राहिली. लिंडानं उचलला. काकू खाकरल्या आणि म्हणाल्या, "गुड मॉर्निंग मॅडम. आय ॲम फ्रॉम गर्ल्स साइड."

पलीकडून "सॉरी?" ऐकू आलं. काकू थांबल्या नाहीत. "इन अवर प्लेस, लेट यू नो मीन्स नो. फुल नो. सो वुई डिड नॉट डिस्टर्ब. मिस्टेक इज माइन. गर्ल इज गुड गर्ल. शी रन्स बॅक." एवढं बोलून त्यांनी फोन डगच्या हातात कोंबला आणि पाणी प्यायला आत गेल्या. डग काहीतरी सांगत होता, पलीकडून आधी प्रश्न आले आणि मग हसू. लिंडा म्हणाली, आजच पाठवा.

कुठला सामना पाठवायचा यावर मात्र चर्चा झाली नाही. काकूंनी सांगितलं, हिद्दचाच, हरलेला. "हरताना पोट्टी कशी दिसते ते पाहू दे त्याईले." अडचण एकच होती. तो सामना मी फोनवर घेतला होता आणि न कापलेला पाठवायचा असल्यामुळे त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी ओरडत होतो. "अगं पास दे. अगं डावीकडे. अगं रेवा, अगं बघ ना." बँकेतल्या कुणी ते ऐकलं असतं तर माझं काही खरं नव्हतं. ते तसंच गेलं.

कपाटावरचा बॉल खाली आला. रेवा आणि काकू इमारतीमागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये ऊन उतरल्यावर खेळायला जाऊ लागल्या, आणि काकू खेळताना जे बोलत त्याचं भाषांतर मी सुदैवानं कुणाला करून दिलं नाही. वाट सगळेच बघत होतो. पण आता फोनजवळ कुणी बसलं नव्हतं.

शुक्रवारची संध्याकाळ झाली. पोहे बशीत पडले होते, काकू तर्री वाढत होत्या, डग नव्या पोरांचे व्हिडिओ लावायची तयारी करत होता आणि त्याचा फोन वाजला. त्यानं नाव पाहिलं, स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला आणि हाताची घडी घालून छताकडे बघायला लागला. त्याला आधीच काहीतरी माहीत होतं हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. तिच्याकडे तेव्हा सकाळ होती, म्हणून लिंडानं सगळ्यांना गुड मॉर्निंग केलं. मग ती म्हणाली, ती शेकड्यानं हायलाइट बघते, चुकलेला शॉट आजवर कुणी पाठवला नव्हता. आणि पूर्ण सामन्यात संघ हरतो आहे हे दिसत असताना परत धावत येणारी एकच मुलगी होती. शिवाय तो 'अगं' ओरडणारा माणूस कोण आहे, तिच्या खेळाडू आता सरावात एकमेकींना 'अगं' म्हणतात. मी बशीत बघू लागलो.

"गर्ल्स साइड आहे का तिथं?" तिनं विचारलं. काकू उलथनं छातीशी धरून पुढे झाल्या. लिंडा जरा थांबली, कुणीतरी पढवल्यासारखी, आणि मग अगदी मोडक्या उच्चारात, एकेक अक्षर मोजून म्हणाली, "पा-संत."

उलथनं खाली पडलं. काकू रेवाच्या गळ्यात पडल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या. दोघी सारख्या उंचीच्या, त्यामुळे कुणीच कुणाच्या खांद्यावर नीट रडू शकत नव्हतं. अनघा रडत होती, मी रडत होतो, डग रडता रडता तर्रीचे पोहे खात होता. गावंडेकाका उठले, गालिच्यावरचं उलथनं उचललं, धुऊन आणून काकूंच्या हातात दिलं आणि म्हणाले, "माझ्यापेक्षा उशीर केला, पण बोलली बरोबर."

त्याच उन्हाळ्यात काकांची नोकरी संपली. व्हिसा गेला, घर आवरलं, आणि काका-काकू नागपूरला परत निघाले. रेवाला अमेरिकेला जायला थोडे दिवस उरले होते. गाडी मी चालवली, पण पुढे बसून रस्ता सांगत आम्हा सगळ्यांना विमानतळावर घेऊन आली तीच. डग सामान उचलायला होता. सुरक्षा तपासणीत उलथनं जाणार नाही म्हणून काकूंनी ते मोठ्या बॅगेत, साड्यांच्या मध्ये घातलं होतं. मला त्यांनी "पुण्याचे असून चांगले आहात" असं प्रशस्तिपत्र दिलं. मग रेवाच्या पाठीवरून हात फिरवला. पाठ सरळ होती.

रेवानं तिच्या मराठीत विचारलं, "काकू, तू येशील ना माझी गेम बघायला?"

काकू पाठमोऱ्या होत बॅग उचलून म्हणाल्या, "कळवते."

रेवाचा चेहरा खर्रकन उतरला. शेवटी पोह्यांवर वाढलेली मुलगी ती. काकू दोन पावलं गेल्या असतील. मग थांबल्या, वळल्या आणि सगळ्या विमानतळाला ऐकू जाईल अशा मैदानी आवाजात म्हणाल्या, "अमेरिकेतलं कळवते, बाप्पा. आपल्याकडचं नाही."